यंत्रणेची कल्पना सुचली? लोखंड कापण्याआधी पुस्तकात तपासा

खान्देशात यंत्रं बनवणाऱ्या हातांची कमी नाही. जळगावच्या एमआयडीसीत, धुळ्यात, सावदा-रावेर रस्त्यावरच्या वेल्डिंगच्या दुकानांत कोणी केळीच्या खांबातून धागा काढायचं यंत्र जुळवतं, कोणी कपाशीच्या पऱ्हाट्या उपटायचा चिमटा, कोणी डाळीची हलती चाळणी. कल्पना बहुतेक वेळा चांगलीच असते. पैसा बुडतो तो ती थेट एमएसच्या (साध्या पोलादाच्या) पट्टीत उतरवल्यामुळे. पहिला नमुना अडकतो, दुसरा तुटतो, आणि तिसऱ्या वेळी कळतं की नेमकी हीच हालचाल दीडशे वर्षांपूर्वी कोणीतरी चित्रासह छापून ठेवली आहे. हे तपासायला दोन संध्याकाळी पुरतात. पण यंत्रणांची पुस्तकं कादंबरीसारखी पहिल्या पानापासून वाचायची नसतात. त्यांत शोधायची एक रीत आहे.

आधी हालचालीचं वाक्य लिहा

पुस्तकात ‘केळीचं यंत्र’ किंवा ‘चाळणी’ अशा नावाने काही सापडणार नाही. तिथली विभागणी हालचालीची असते. म्हणून कागदावर एकच वाक्य लिहायचं: आत काय येतं, बाहेर काय हवं, आणि मध्ये काय अट आहे. उदाहरणार्थ, ‘मोटरचं सलग फिरणं आत येतं, बाहेर टेबल ६० अंश फिरून थांबायला हवं, आणि थांबलेलं असताना धक्का लागला तरी हलता कामा नये.’ किंवा ‘सलग फिरणं आत, बाहेर पुढे-मागे जाणं, पुढे हळू आणि मागे लवकर.’

या वाक्यातली शेवटची अट फार महत्त्वाची. ‘थांबलेलं असताना हलता कामा नये’ हे लिहिलं नाही तर रॅचेट-पॉलही (दातेरी चाक आणि त्यात अडकणारी खिटी) चालेल असं वाटतं. रॅचेट एका दिशेने अडतो, पण पुढच्या दिशेने जडत्वाने घसरतो. अट लिहिली की तो आपोआप बाद होतो.

वाक्याखाली चार आकडे लिहा: मिनिटाला किती फेरे, किती किलोची वस्तू हलवायची, किती मिलिमीटर किंवा किती अंश हलवायची, आणि बसवायला जागा किती. हे आकडे नसतील तर प्रत्येक चित्र आपल्या कामाचं वाटतं.

मग वाक्याचे पुस्तकी शब्द करायचे. थांबत-थांबत फिरणं म्हणजे इंटरमिटंट मोशन. थांबण्याचा काळ म्हणजे ड्वेल. मागे लवकर येणं म्हणजे क्विक रिटर्न. थोड्या जोरात मोठा दाब देणारी गुडघ्यासारखी रचना म्हणजे टॉगल. असे पाच-सात शब्द वहीच्या पहिल्या पानावर असू द्या, कारण शोध त्यांच्यावरच चालतो.

कोणतं पुस्तक कशासाठी

सुरुवातीला हेन्री ब्राऊनचं ‘५०७ मेकॅनिकल मूव्हमेंट्स’ घ्या. ते १८६८ चं आहे, हक्कमुक्त आहे, इंटरनेटवर फुकट मिळतं आणि त्यातल्या बऱ्याच यंत्रणांची हलती चित्रंही कोणी कोणी करून ठेवली आहेत. प्रत्येक आकृतीला क्रमांक आणि समोर चार ओळींचं वर्णन. त्यात माप नाही, बळ नाही, वेग नाही. त्याचं काम एवढंच की तुमच्या वाक्याला किती वेगवेगळ्या आकारांनी उत्तर देता येतं ते दाखवणं. निदान तीन आकार निवडा. एकच निवडला तर तुम्ही तपासत नाही, आपल्या मनातल्याला दुजोरा शोधता आहात.

खरा उपयोग होतो तो आर्तोबोलेव्स्की यांच्या कोशाचा. मॉस्कोच्या मीर प्रकाशनाने त्याचे इंग्रजी खंड १९७० च्या दशकात काढले. लिव्हरच्या यंत्रणा वेगळ्या, गिअरच्या वेगळ्या, कॅमच्या (उंचसखल कडेच्या फिरत्या चकतीच्या) वेगळ्या. महत्त्वाचं म्हणजे बऱ्याच आकृत्यांखाली दुव्यांच्या (सांध्यांनी जोडलेल्या पट्ट्या-दांड्यांच्या) लांबीचं प्रमाण दिलेलं असतं: अमुक लांबी तमुकच्या इतकी पट हवी, तरच ही हालचाल मिळते. ही ओळ वगळून नुसतं चित्र उतरवलं की यंत्रणा दिसते तशीच, पण चालत नाही. फ्रँकलिन जोन्स यांनी संपादित केलेले ‘इंजिनिअस मेकॅनिझम्स’ चे खंड १९३० पासून आले. त्यांत प्रत्यक्ष कारखान्यात चाललेल्या यंत्रांचं वर्णन आहे, म्हणून काय का केलं हेही समजतं.

एखाद्या बिंदूला ठरावीक वळणाने न्यायचं असेल, जसं की चिमट्याचं टोक जमिनीलगत सरळ जाऊन मग वर उचललं जावं, तर ह्रोन्स आणि नेल्सन यांचा १९५१ चा आलेखसंग्रह पाहावा. चार दुव्यांच्या यंत्रणेतून निघणारी सात हजारांवर वळणं त्यात आहेत. क्रँकची (गोल फिरून यंत्रणा चालवणाऱ्या हाताची) लांबी १ धरून बाकीच्या लांबी दिल्या आहेत. वळण तुटक रेषांनी काढलेलं आहे: रेघ लांब तिथे बिंदू वेगात, रेघ आखूड तिथे सावकाश. आपलं वळण पारदर्शक कागदावर काढून पानांवर सरकवत गेलं की जुळणारं सापडतं.

आकार ठरल्यावर जाडी, पिनचा व्यास, बेअरिंग आणि की-वे (शाफ्टची चावी बसवायची खाच) यांसाठी कोईमतूरच्या पीएसजी महाविद्यालयाचं डिझाइन डेटा बुक. मेकॅनिकलच्या विद्यार्थ्याकडे ते बहुधा असतंच; भाच्याकडे किंवा पुतण्याकडे विचारा. जळगाव, धुळे, शिरपूरच्या अभियांत्रिकी आणि तंत्रनिकेतनांच्या ग्रंथालयात ‘थिअरी ऑफ मशिन्स’ चं कपाट गाठा. तिथे बसून पानांचे फोटो काढण्यापेक्षा आकृती हाताने वहीत उतरवा. उतरवताना प्रत्येक सांधा मोजावा लागतो, आणि चूक तिथेच दिसते.

जुन्या पुस्तकाबाबत एक सावधगिरी. नाव ओळखीचं दिसलं म्हणजे काम तेच असेल असं नाही. जिनिव्हा चाक म्हणजे फिरत्या पिनने एकेक खाच पुढे सरकणारं आणि मध्ये थांबणारं चाक; पण ‘जिनिव्हा स्टॉप’ नावाची आकृती घड्याळाची आहे. त्यात चाकाची एक बाजू मुद्दाम फुगीर ठेवलेली असते, जेणेकरून चावी जास्त भरली जाऊ नये. टेबल फिरवायला ती आकृती जशीच्या तशी कापली तर काही फेऱ्यांनंतर यंत्र ठप्प होईल, कारण ते ठप्प होण्यासाठीच बनलं आहे.

चित्र आपल्या मापात आणा

चार दुव्यांची यंत्रणा घ्या, कारण चाळणी, झटका देणारा हात, पंपाचा दांडा, सगळीकडे ती आहे. समजा दोन स्थिर सांध्यांतलं अंतर १२० मिमी, क्रँक ४० मिमी, मधला दांडा १०० मिमी आणि हलणारा हात ९० मिमी.

पहिली तपासणी ग्राशॉफच्या नियमाची. सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा दुवा मिळून बाकी दोघांच्या बेरजेपेक्षा जास्त नसावा. ४० + १२० = १६०, आणि १०० + ९० = १९०. पास. क्रँक सर्वांत लहान आहे, म्हणून तो पूर्ण फिरेल. हात साधारण ५३ अंश हलेल.

आता गिऱ्हाईक म्हणतं, झोका कमी पडतो. सरळ उपाय म्हणून क्रँक ४० चा ६० केला. ६० + १२० = १८०, अजूनही १९० च्या आत. नियम पाळला गेला, झोका ५३ वरून जवळजवळ ८४ अंश झाला. बहुतेक जण इथे थांबून कापायला घेतात.

दुसरी तपासणी राहिली: मधला दांडा आणि हात यांच्यामधला कोन, ज्याला ट्रान्समिशन अँगल म्हणतात. क्रँक स्थिर सांध्यांच्या रेषेवर येतो त्या दोन्ही जागी तो मोजायचा. क्रँक ४० असताना हा कोन एका टोकाला ४९ अंशांच्या वर आणि दुसऱ्या टोकाला सरळ रेषेपासून ६५ अंशांवर असतो. क्रँक ६० केल्यावर तो एका बाजूला ३६ आणि दुसऱ्या बाजूला ३७ अंशांवर येतो. ४० ते ४५ अंशांच्या खाली जाऊ नये असा सर्वमान्य दंडक आहे. ३६ अंशांवर दांड्याच्या जोराचा सुमारे ५९ टक्के भागच हात फिरवायला लागतो आणि ८० टक्क्यांएवढा घटक सांध्याच्या पिनवर आपटतो. (हे दोन आकडे मिळून १०० होत नाहीत, कारण काटकोनातल्या बळांची बेरीज तशी होत नाही.) म्हणून पिन अंडाकृती झिजते, बुश खडखडतो, मोटर गरम होते, आणि लोक म्हणतात मोटर कमी पडली. मोठी मोटर लावली की पिन आणखी लवकर जाते.

आणि क्रँक ७० केला तर बेरीज १९० = १९०. तेव्हा सगळे दुवे एका रेषेत येतात आणि पुढे यंत्रणा कोणत्या बाजूला उघडेल याची खात्री राहत नाही. ७१ ला क्रँक पूर्ण फिरतच नाही. झोका वाढवायचा असेल तर चारही दुव्यांचं प्रमाण नव्याने ठरवा, किंवा हाताची लांबी सांध्यापलीकडे वाढवून टोकाचा झोका मोठा करा. दुसरा उपाय स्वस्त आहे.

सांधे मोजायचीही सवय लावा. प्रतलात हलणाऱ्या यंत्रणेसाठी: दुव्यांच्या संख्येतून (स्थिर चौकटही एक दुवा धरून) १ वजा करून ३ ने गुणा, त्यातून सांध्यांची दुप्पट वजा करा. उत्तर १ आलं तर एका क्रँकने सगळं ठरतं. चार दुवे, चार सांधे: ९ − ८ = १. चाळणीची चौकट दोन समांतर पट्ट्यांवर टांगली तर असंच. मजबुतीसाठी मध्ये तिसरी पट्टी लावली की दुवे पाच, सांधे सहा, उत्तर ० येतं. कागदावर ती चालताना दिसते, कारण तिन्ही पट्ट्या तंतोतंत सारख्या काढलेल्या असतात. प्रत्यक्षात भोकांत पाव मिलिमीटरचा फरक पडला तरी ती आवळते आणि कुठलीतरी पट्टी वाकते. तिसरी हवीच असेल तर तिचं एक भोक लांबट करा किंवा रबर बुश टाका.

जवळून पाहू: सहा जागांचं भरणी टेबल

मसाला किंवा केळीच्या वेफरची पाकिटं भरायला सहा जागांचं फिरतं टेबल हवं आहे. अट वर लिहिलीच आहे: ६० अंश फिरावं, थांबावं, थांबल्यावर लॉक व्हावं. तीन उमेदवार निघतात: रॅचेट-पॉल, कॅम इंडेक्सर आणि जिनिव्हा चाक. रॅचेट लॉकच्या अटीत पडला. तयार कॅम इंडेक्सर उत्तम, पण महाग. जिनिव्हा आपल्या लेथ-मिलिंगवर होतो. जत्रेतल्या टुरिंग टॉकीजच्या प्रोजेक्टरमध्ये फिल्म एकेक चौकट सरकवायला हेच चाक असायचं, चार खाचांचं.

केंद्रांमधलं अंतर १२० मिमी धरा. पिनचा क्रँक = अंतर × साइन (१८० ÷ खाचा). सहा खाचांना साइन ३० = ०.५, म्हणून क्रँक ६० मिमी. चाकाची त्रिज्या = अंतर × कोसाइन ३० = १०३.९ मिमी. हे प्रमाण चुकवायचं नाही. त्यामुळेच पिन खाचेत शिरताना खाचेच्या रेषेतच शिरते आणि ठोका बसत नाही. क्रँक ६२ झाला तर प्रत्येक फेऱ्याला ‘टक्क’ असा आवाज येईल, आणि खाचेचं तोंड महिन्याभरात फाकेल.

वेळ पाहा. सहा खाचांत क्रँकच्या १२० अंशांत टेबल फिरतं, २४० अंश थांबतं. क्रँक मिनिटाला ३० फेरे असेल तर २ सेकंदांतले ०.६७ सेकंद फिरणं आणि १.३३ सेकंद भरणी. तेवढ्या वेळात पाकीट भरतं का, ते आधी हाताने भरून घड्याळ लावून बघा.

जोर पाहा. ५०० मिमी व्यासाची, ८ मिमी जाड एमएस प्लेट सव्वाबारा किलोची होते. क्रँक ३० फेऱ्यांना असताना सहा खाचांच्या चाकाचा सर्वोच्च प्रवेग क्रँकच्या कोनीय वेगाच्या वर्गाच्या १.३५ पट असतो. त्यासाठी नुसत्या प्लेटला सुमारे ५ न्यूटन-मीटर पिळा (टॉर्क) लागतो. चार खाचांचं चाक घेतलं तर हीच पट ५.४१ होते, म्हणजे त्याच वेगाला वीसच्या पुढे. सहा खाचांचाच वेग ६० फेरे केला तरी वीसच्या पुढेच जातं. ‘थोडा वेग वाढवू’ असं गिऱ्हाईक म्हणतं तेव्हा हा हिशेब त्याच्यासमोर मांडावा. वेग दुप्पट म्हणजे पिनवरचा मार चौपट.

जागा पाहा, आणि इथे चित्र हमखास फसवतं. चाकाची कडा क्रँकच्या केंद्रापासून फक्त १६ मिमीवर येते (१२० वजा १०३.९). २५ मिमीचा शाफ्ट घेतला तर त्याची त्रिज्या १२.५, लॉकिंग डिस्कच्या (थांबलेलं चाक धरून ठेवणाऱ्या, क्रँकवरच्या चकतीच्या) कापलेल्या बाजूला हबची भिंत उरते जेमतेम ३ मिमी. तिथे की-वे घेतला की भेग ठरलेली. की-वे विरुद्ध बाजूला घ्या, नाहीतर अंतर १५० मिमी करा. चार खाचांत हीच जागा ३५ मिमी असते, म्हणून चार खाचांची आकृती पाहून सहाचं चाक कापणाऱ्यांना हा फटका बसतो. पिन १६ मिमीची असेल तर खाचेचा तळ चाकाच्या केंद्रापासून ५२ मिमीच्या आत हवा. ५० ठेवा, म्हणजे पिन तळाला टेकत नाही.

पुठ्ठा, मग प्लाय, मग लोखंड

२ मिमी जाडीच्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या, भोकांत कागद जोडायच्या स्प्लिट पिन, खाली ड्रॉइंग बोर्ड. पूर्ण किंवा अर्ध्या मापाचं मॉडेल तासाभरात होतं. वळण पाहायचं असेल त्या जागी बारीक भोक पाडून पेन्सिलचं टोक घाला आणि क्रँक ३०-३० अंशांनी फिरवत बारा खुणा करा. खुणा दाट तिथे सावकाश, विरळ तिथे वेगात.

हे मॉडेल फक्त क्रँकला धरूनच फिरवायचं. अडकलं की आपलं दुसरं बोट नकळत मधल्या दांड्याला टेकतं आणि यंत्रणा पुढे सरकते. तेच बोट लोखंडी यंत्रात नसतं. जिथे जिथे बोट लावावंसं वाटलं, त्या जागेवर लाल खूण करा: बहुधा तिथेच कोन ४० च्या खाली असतो. मोबाइलवर जिओजेब्रा या भूमितीच्या ॲपात हेच करता येतं, आणि लांबी बदलत बसायला ते सोयीचं. पण जाडीमुळे दुवे एकमेकांवर आपटतात हे पुठ्ठ्यातच कळतं.

पुस्तकात नसलेली खान्देशी परिस्थिती

पुस्तकातली आकृती स्वच्छ खोलीत चालते. आपलं यंत्र मे महिन्यात ४५ अंशांच्या आसपासच्या उन्हात, पत्र्याच्या शेडखाली चालतं. साधं ग्रीस पातळ होऊन गळतं. जास्त तापमान सोसणारं लिथियम ग्रीस घ्या आणि निप्पल बाहेरून हात पोचेल तिथे ठेवा. नायलॉनचा बुश उन्हात फुगतो, म्हणून त्याला धातूच्या बुशपेक्षा जास्त खेळ द्यावा लागतो.

केळीचा चीक सुरुवातीला ओला असतो, वाळला की खाचेत चिकट थर बसतो. म्हणून चिकाच्या यंत्रात उघडी सरकती खाच शक्य तितकी टाळा आणि तिच्या जागी फिरता सांधा वापरा. कपाशीचा रुईचा तंतू फिरत्या शाफ्टवर गुंडाळत जातो आणि बेअरिंगच्या सीलखाली शिरतो. शाफ्टचा उघडा भाग पाइपने झाका. डाळीच्या धुळीत सीलबंद बेअरिंग. चाळणीचा वेगही तपासा: २० मिमी त्रिज्येच्या एक्सेंट्रिकवर (केंद्राबाहेर फिरणाऱ्या चकतीवर) ३०० फेऱ्यांना २५ किलोची चाळणी पायाला सुमारे ५० किलोचा धक्का देते, ४०० फेऱ्यांना जवळजवळ ९० किलोचा. फाउंडेशन बोल्ट आणि फ्रेम या दुसऱ्या आकड्यावर ठरवा.

नवीन आहे का?

विकायचं असेल तर हा प्रश्न येतोच. केळीच्या खांबाचा धागा काढताना बोथट पात्यांचा ड्रम आणि समोर स्थिर पट्टी ही रचना अनेकांना स्वतःची वाटते. पण घायपातीच्या जातीच्या पानांचा धागा काढायला मेक्सिकोत १९व्या शतकापासून तेच तत्त्व वापरात आहे. ड्रमवर हक्क सांगता येणार नाही. खांबाची पट्टी आपोआप आत देऊन उलटी ओढून घेणारी तुमची यंत्रणा मात्र नवी असू शकते, म्हणून शोध तिच्यासाठी करा.

पेटंटच्या साठ्यातही नावाने नाही, वर्गाने शोधा. भारतीय पेटंट कार्यालयाचा इनपास आणि गूगल पेटंट्स, दोन्ही फुकट. थांबत फिरणाऱ्या जिनिव्हासारख्या यंत्रणा एफ१६एच २७ मध्ये, नुसत्या दुव्यांच्या एफ१६एच २१ मध्ये, वनस्पतीचा धागा वेगळा करणारी यंत्रं डी०१बी १ मध्ये. आधी २० वर्षांपेक्षा जुनी पेटंटं वाचा: मुदत संपल्यामुळे ती वापरायला मोकळी असतात, आणि वर्णन व आकृत्या तपशीलवार असतात. १९७० च्या पेटंट कायद्याचं कलम ३(फ), म्हणजे इंग्रजी मसुद्यातलं तीन-एफ, लक्षात ठेवा: माहीत असलेली साधनं नुसती शेजारी-शेजारी मांडली आणि प्रत्येक आपापलं जुनंच काम करत राहिलं, तर तो शोध धरला जात नाही. दोन यंत्रणा जोडल्यामुळे काय नवीन साधलं, ते सांगता आलं पाहिजे.

आणि अर्ज करायचा असेल तर कृषी प्रदर्शनात यंत्र मांडण्याआधी करा. तात्पुरता अर्ज दाखल केला की पूर्ण तपशील द्यायला १२ महिने मिळतात. आधी सर्वांसमोर चालवून दाखवलं तर तुमचंच प्रदर्शन तुमच्या नवेपणाच्या आड येऊ शकतं.

या सगळ्यासाठी प्रत्येक कल्पनेला वहीची दोन पानं द्या. डाव्या पानावर हालचालीचं वाक्य, चार आकडे आणि पुस्तकातल्या आकृत्यांचे क्रमांक. उजव्या पानावर बाद केलेले आकार आणि प्रत्येकापुढे कारण: ‘लॉक होत नाही’, ‘कोन ३६’, ‘शाफ्टला जागा नाही’. सहा महिन्यांनी दुसऱ्या गिऱ्हाइकाचं काम येतं, तेव्हा उजवं पान आधी उघडा. पाकिटाच्या टेबलात जागेमुळे बाद झालेला आकार कांद्याच्या रोपांच्या यंत्रात बरोबर बसू शकतो.